तात्यांचा स्वभाव

मागच्या सुगीतली गोष्ट. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे पत्रिकांची झुंबड सुरू होते. बेळगावच्या शहापुरात डीटीपीचं छोटं दुकान आहे माझं, मराठी कन्नड इंग्लिश तिन्ही टायपिंग, लग्नपत्रिका, घरभरणीची कार्डं, बायोडेटा, निधनवार्तासुद्धा. तर एक काका पत्रिकेचं प्रूफ चौथ्यांदा बदलायला आले. निमंत्रकांच्या यादीत थोरल्या जावयाचं नाव धाकट्याच्या खाली गेलेलं, एवढंच, दोन मिनिटांचं काम. आणि मी त्या भल्या माणसावर असा काही खेकसलो की बाजूला झेरॉक्स काढणारा पोरगा मशीन थांबवून बघत राहिला. काका एक शब्द बोलले नाहीत. ॲडव्हान्स सोडून गेले ते परत आलेच नाहीत.

तो सोमवार होता. बुधवारी पहाटे साडेतीनला मला दम लागून जाग आली.

ज्यांना दमा नाही त्यांना वाटतं की श्वास आत जात नाही. तसं नसतं. आत कसाबसा जातो, बाहेर पडत नाही. छाती भरलेलीच राहते, जुना श्वास आतच अडकून बसतो आणि त्याच्यावर नवीन कोंबायचा, भरलेल्या एसटीत आणखी माणसं चढावीत तसा. मी पलंगाच्या काठावर, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे कानापर्यंत वर, बायको ड्रॉवरमधल्या चार्जरच्या वायरी उपसत पंप शोधतेय, आणि माझ्या डोक्यात त्या वेळी फक्त भीती. कशाची असं नाही, नुसती भीती. मरणाची म्हणाल तर तेवढा विचार करायला सवडच नव्हती.

या भीतीबद्दल नंतर एक गोष्ट वाचली आणि ती डोक्यातून जातच नाही. अमेरिकेत एक बाई आहे, संशोधक तिला एसएम एवढ्याच अक्षरांनी ओळखतात. एका दुर्मिळ आजारात तिच्या मेंदूतला ॲमिग्डाला नावाचा भाग, जो धोका ओळखून आपल्याला घाबरवतो म्हणतात तो, दोन्ही बाजूंचा निकामी झाला. तिला सापाची भीती नाही, कोळ्याची नाही, तिच्यावर चाकू रोखला गेला तरी नाही. मग संशोधकांनी तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साईड असलेली हवा एकदा ओढायला दिली आणि ती बाई घाबरून मास्क ओरबाडायला लागली. २०१३ मध्ये हे छापून आलं. म्हणजे जीव घुसमटण्याची भीती बाकीच्या सगळ्या भीतींच्या खाली, वेगळ्याच तळघरात राहते. पहाटे साडेतीनला मी त्या तळघरात होतो, शहाणपणाचे चार शब्द तिथं पोचतच नाहीत. "घाबरू नका की हो" असं बायको म्हणत होती, तिचा आवाज मला गल्लीच्या पलीकडून आल्यासारखा वाटत होता.

सकाळी डॉक्टरांकडे गेलो. आधी ज्यांच्याकडे जायचो ते दरवेळी "टेन्शन घेऊ नका" म्हणून पाठवायचे. या वेळी बायकोने हट्टाने दुसऱ्यांकडे नेलं. या मॅडमनी पहिलं काय केलं तर माझा निळा पंप हातात घेऊन विचारलं, वर्षाला किती लागतात? मी अभिमानाने सांगितलं की महिन्याला एक. त्यांनी कपाळाला हात लावला. निळा पंप श्वासनळीभोवतीचे आवळलेले स्नायू तेवढ्यापुरते सैल करतो, आतली सूज आहे तशीच राहते, आणि नुसत्या निळ्या पंपावर दमा काढू नका असं दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या जिना संस्थेने २०१९ पासून स्पष्टच सांगितलंय. मी वर्षानुवर्षं तेच करत होतो. सूज उतरवणारा स्टेरॉईडचा पंप लिहून दिला, रोज दोन वेळा, घेतल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं. आणि एक प्लास्टिकची नळी दिली, पीक फ्लो मीटर. सकाळ-संध्याकाळ जोरात फुंकायची आणि काटा कुठे गेला ते वहीत लिहायचं.

वही म्हणजे पोरीची जुनी दोनशेपानी, मागची पानं कोरी होती. तारीख, सकाळ, संध्याकाळ असे तीन रकाने मारले. चांगल्या दिवशी माझा काटा ४८० ला जातो.

जानेवारीत एकदा वही चाळताना दिसलं की समासात पेन्सिलने कुठं कुठं बारीक "क" लिहिलाय. बायकोला विचारलं तर हसायला लागली. "कटकट" चा क. ज्या दिवशी मी घरात विनाकारण कटकट केली, भाजीत मीठ, नळ चालू, चार्जर कुठाय, त्या दिवशी तिने गुपचूप क टाकला होता. ते बघून मला आधी राग आला (त्या दिवशीचा क सुद्धा वहीत आहे), मग मी नीट बघायला लागलो. क आधी येत होता. काटा ४८० वरून ४३०, मग ३९० असा उतरत होता तो नंतर, एक दिवसाने, कधी दोन दिवसांनी. दोन महिन्यांत सहा वेळा काटा पडला, त्यातल्या पाच वेळा आधी समासात क.

एका माणसाची वही म्हणजे काही पुरावा नव्हे हे मलाही कळतंय. पण त्या दिवशी मला ते पत्रिकेवाले काका आठवले, आणि त्यांच्या मागोमाग तात्या आठवले.

तात्या म्हणजे माझे वडील. वडगावात मागावर होते, आधी हातमाग, मग यंत्रमाग. आमच्या लहानपणी त्या गल्लीत दिवसभर खटखट खटखट, झोपलेलं पोर मागाच्या आवाजाने नाही तर माग बंद पडला की जागं व्हायचं. तात्यांच्या भुवयांवर सुताची बारीक पांढरी लव बसलेली असायची, घरी येऊन तोंड धुतलं तरी कानामागे राहायची. त्यांना दमा होता. आणि त्यांचा स्वभाव वाईट होता. या दोन गोष्टी आमच्याकडे एका वाक्यात बोलल्या जायच्या. आई म्हणायची, राग राग करतात म्हणून दम लागतो. गल्लीचं पण तेच मत. शेजारी एक कन्नड आक्का राहायच्या, त्यांना मात्र तात्यांबद्दल माया होती. "तात्या, उब्बस बंतेन्री?" (दम लागला काय?) म्हणत काळी कॉफी घेऊन यायच्या. कन्नडात दम्याला उब्बस म्हणतात, तो शब्दच बघा, उच्चारताना छाती फुगते. हेन्री सॉल्टर नावाचे एक इंग्रज डॉक्टर, स्वतः दमेकरी, त्यांनी १८६० मध्येच लिहून ठेवलं होतं की दम्यावर कडक काळी कॉफी चांगली. आक्कांनी काही सॉल्टर वाचला नव्हता, पण कॉफीतलं कॅफीन श्वासनळी थोडी सैल करतं हे खरंच आहे.

तात्यांचा राग यायचा तोही अगदी शांत दिवशी. हे मला पक्कं आठवतंय कारण आम्ही पोरं घरघर ऐकूनच अंदाज घ्यायचो. घरघर सुरू असेल तर उलट भीती नसायची, त्या वेळी ते कोनाड्याला टेकून बसलेले, बोलायची पण ताकद नाही. धोका असायचा आदल्या दिवशी. आवाज काही नाही, छाती साफ, आणि ताटातली चटणी पातळ झाली म्हणून ताट भिरकावलेलं. एकदा माझी भूमितीची वही फाडली, का तर मी कंपासपेटी आपटून बंद केली. आणि ॲटॅक येऊन, दवाखान्यात इंजेक्शन घेऊन परतले की दुसऱ्या दिवशी येताना हमखास पावशेर कुंदा, आमच्याकडची दुधाची मिठाई. आई म्हणायची पश्चात्ताप झालाय. आम्ही कुंदा खायचो, माफ वगैरे काही करायचो नाही.

राग आणि दमा यांचा असा क्रम लावण्यात आई काही एकटी नव्हती. विल्यम ऑस्लरसारख्या मोठ्या डॉक्टरने १८९२ च्या आपल्या ग्रंथात दम्याकडे बऱ्याच अंशी मज्जातंतूंचा विकार म्हणूनच बघितलंय. पुढे १९४० च्या आसपास शिकागोच्या मनोविश्लेषकांनी तर कहरच केला, दमेकऱ्याची घरघर म्हणजे आईसाठी दाबून ठेवलेलं रडणं. म्हणजे चूक कुणाची, तर पेशंटची, नाहीतर त्याच्या आईची. छातीतली सूज कुणी बघायलाच तयार नव्हतं.

पण मनाचा काहीच हात नाही असंही नाही, तिथं आईला थोडे मार्क द्यायला लागतात. १८८६ मध्ये बाल्टिमोरच्या मॅकेन्झी नावाच्या डॉक्टरने गुलाबाच्या वासाने शिंका आणि दम येणाऱ्या एका बाईपुढे एक गुलाब धरला. बाईंना लगेच त्रास सुरू. गुलाब कृत्रिम होता. हे वाचलं आणि मला आमच्या दुकानातले पत्रिकेवर चिकटवायचे कापडी गुलाब आठवून हसू आलं. तर येणंजाणं दोन्ही बाजूंनी आहे, आपण मात्र शंभर वर्षं एकाच बाजूची रहदारी मोजत बसलो.

दुसऱ्या बाजूचं, म्हणजे छातीकडून मनाकडे जाणाऱ्या रहदारीचं, काम अलीकडचं. दम्यात श्वासनळीचं अस्तर सुजतं, तिथं इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जमतात, आणि त्या सगळ्या पेशी सायटोकाईन नावाचे रासायनिक निरोप सोडतात. हे निरोप छातीपुरते राहत नाहीत, रक्तातून वर जातात, शिवाय फुप्फुसातून मेंदूच्या देठापर्यंत जाणारी व्हेगस नावाची लांबलचक नस आहे तिची वेगळी लाईन. मेंदूला एवढंच कळतं की शरीरात कुठंतरी सूज आहे, मग तो आजारी माणसासारखं वागायला लावतो. येळ्ळूरला आमच्या आजोळी म्हैस आजारी पडली की गोठ्याच्या कोपऱ्यात तोंड करून उभी राहायची, पेंड खायची नाही, जवळ गेलं की शिंग उगारायची. बेंजामिन हार्ट नावाच्या अमेरिकन पशुवैद्यकाने १९८८ मध्ये हेच मांडलं, की आजारी जनावराचं हे मलूल होणं, न खाणं, एकटं राहणं म्हणजे आजारामुळे आलेला नुसता अशक्तपणा नाही, ताकद वाचवायची ती शरीराचीच युक्ती असते. माणसाला शिंगं नाहीत, तो ताट भिरकावतो.

नेमका दम्यावरचा प्रयोग २००५ चा, विस्कॉन्सिन विद्यापीठातला, मेलिसा रोझेनक्रान्झ आणि रिचर्ड डेव्हिडसन यांच्या गटाचा. सौम्य ॲलर्जिक दमा असलेल्या मोजक्या लोकांना ज्याची ॲलर्जी आहे तेच हुंगायला दिलं आणि मग स्कॅनरमध्ये झोपवून शब्द दाखवले, काही साधे शब्द, काही नुसतेच वाईट, आणि काही दम्याचे, घरघर वगैरे. दम्याचे शब्द आले की मेंदूतले दोन भाग, ॲंटिरिअर सिंग्युलेट आणि इन्सुला, जास्त पेटायचे, आणि ते किती पेटतात याचा संबंध छातीतल्या सुजेशी लागला. इन्सुला म्हणजे शरीराच्या आत काय चाललंय याची खबर ठेवणारा भाग. प्रयोग छोटा, माणसं कमी, हे खरं. पण मी दिवसभर शब्दच टाईप करणारा माणूस, एका शब्दाने छातीची तार हलते हे मला पटायला वेळ लागला नाही.

आणि आपल्या भाषेत तर बघा. दम म्हणजे श्वास, दम म्हणजे ताकद, दम धरणे म्हणजे सबुरी, आणि दम देणे म्हणजे धमकी. सगळं एकाच शब्दात कोंबलेलं. तात्यांजवळ पहिले तीन कमी पडले की ते चौथा वापरायचे.

रात्रीचा भाग वेगळाच. दमा पहाटे जोर करतो, फुप्फुसाची ताकद साधारण चारच्या सुमाराला सगळ्यात कमी असते. म्हणजे दमेकऱ्याची झोप नेमकी तुटायची तिथंच तुटते, महिनोन्‌महिने. तात्या पहाटे उठून पायरीवर बसलेले असायचे, अंधारात, पुढे वाकून. आम्हाला वाटायचं विठ्ठलाचं नाव घेतात. सकाळी सातला मागावर उभं राहायचं त्यांना.

वर औषधं. त्या काळी त्यांना थिओफिलिनच्या गोळ्या असायच्या, हे चहा-कॉफीतल्या कॅफीनचं सख्खं चुलतभावंड, त्याने छाती सुटते पण हात थरथरतो, झोप उडते, माणूस चिडचिडा होतो. फारच वाढलं की स्टेरॉईडच्या गोळ्या, त्याने काही जणांना एकदम हुशारी वाटते आणि मग धाडकन उदास. निळ्या पंपाने काळीज धडधडतं, तेवढ्याने टेन्शन आल्यासारखं वाटतं. आणि माँटेलुकास्ट नावाची गोळी, सर्दी-ॲलर्जीला आपल्याकडे सर्रास दिली जाते, तिच्यामुळे काही जणांना वाईट स्वप्नं, अस्वस्थपणा, नैराश्य, आत्महत्येचे विचारसुद्धा येऊ शकतात म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने मार्च २०२० मध्ये त्यावर चौकटीतला इशारा, म्हणजे त्यांचा सगळ्यात कडक इशारा, छापायला लावला. हे वाचून कुणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. पण घरात कुणी गोळी सुरू झाल्यापासून बदलल्यासारखं वाटत असेल तर ते सांगायला पाहिजे, डॉक्टरला कसं कळणार नाहीतर.

तात्यांनी बाकीचंही सगळं केलं. कोजागिरीच्या खिरीतलं औषध, रात्रभर चांदण्यात ठेवलेलं. मृगाला हैदराबादला जाऊन आले, तिथं बत्तिनी कुटुंब जिवंत मरळ माशाच्या तोंडात पिवळा लगदा भरून देतं, मासा तसाच गिळायचा. तात्या माळकरी, म्हणून त्यांनी गुळातून घेतलं. तीन वर्षं ओळीनं जायचं असतं, हे दोनच वर्षं गेले. फरक पडला का विचारलं तर म्हणायचे, "गर्दी लई होती."

आमचा भागही दमेकऱ्याला काही सोपा नाही. बेळगावची हवा थंड, चांगली, असं पुण्या-मुंबईचे पाहुणे म्हणतात आणि कुंदा घेऊन परत जातात. जुलै-ऑगस्टात ज्यांच्या भिंतीला हिरवी-काळी बुरशी येते त्यांना विचारा. मग सुगी, भाताची मळणी, भुसाचा धुरळा. मग ऊस तुटला की पाचट पेटतं, रात्री खिडकी बंद केली तरी राखेचे काळे तुकडे उशीवर. निपाणीला आत्याकडे गेलो की तंबाखूचा खाट नाकात बसायचा, आत्या विड्या वळता वळता शिंकायची आणि म्हणायची सर्दी आहे. तिची ती सर्दी आयुष्यभर टिकली.

आणि दमा कुणाला सांगायचा नाही हे वेगळंच. मी बायोडेटा टाईप करतो, "आरोग्य : उत्तम" ही ओळ माझ्याकडे टेम्पलेटमध्येच आहे. एकदा एक आई आणि मुलगी आल्या होत्या. मुलीने पर्समधून पंप काढला, तोंडाला लावला, दहा सेकंद श्वास धरला आणि आईकडे न बघता म्हणाली, "काका, ती ओळ काढा, काहीच लिहू नका." आई म्हणाली, "राहू दे की, असते सगळ्यांच्यात." दोघी स्क्रीनकडे बघत उभ्या राहिल्या. मी कर्सर त्या ओळीवर ठेवून थांबलो. शेवटी ओळ राहिली. पैसे आईने दिले.

तात्यांना जाऊन आता चौदा वर्षं झाली. वही समोर ठेवून मी हिशेब लावत बसतो, त्यांचा राग किती आणि सूज किती. लागत नाही. ते आईला जे बोलले ते सगळं सायटोकाईनच्या खात्यावर टाकून मोकळं होता येत नाही, आईसुद्धा ते मान्य करणार नाही. तिला मी हे सगळं समजावून सांगितलं, मेंदू, सूज, म्हैस, सगळं. ती शेंगा सोलत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग तेव्हा डॉक्टरनी का नाही सांगितलं? मी कशाला तोंडाला लागले असते त्यांच्या?" आणि परत शेंगा सोलायला लागली.

आमच्या घरात मात्र आता नवीन डोकेदुखी झालीय. मी जरा आवाज चढवला की पोरगी विचारते, "पप्पा, पंप घेतलास काय?" राग कशाचा आहे ते कुणी विचारतच नाही. परवा तिने माझ्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर काहीतरी डाऊनलोड केलं आणि तीन दिवसांचं काम उडालं, कन्नडच्या दोन पत्रिका आणि एका संस्थेचा अख्खा अहवाल. मी ओरडलो. तिने शांतपणे मीटर आणून हातात दिला. मी पण तावातावाने फुंकला.

४९०. आजपर्यंतचा सगळ्यात जास्त.

"बघ," म्हटलं, "हा राग माझा स्वतःचा आहे." बायकोने समासात क लिहिला, मग तो खोडला आणि तिथं पोरीचं नाव लिहिलं.